मध्यंतरातले तज्ज्ञ

मिरजेत, रात्री साडेबाराला,
शमुवेलदादाच्या पुढच्या खोलीत आम्ही चौघं
आवाज बारीक करून बसलेलो.
आत वहिनी झोपलेल्या, त्यांची सकाळची ड्यूटी.

अर्धा खेळ संपला
आणि सूट घातलेली तीन माणसं उगवली
काचेच्या टेबलामागं.
टेबलाला पाय दिसत नव्हते.
त्यांनाही कमरेखाली काही दाखवत नाहीत.

एक म्हणाला, जिद्द कमी पडली.
दुसरा म्हणाला, पोरांत भूक दिसत नाही.
तिसऱ्यानं बोटानं पिवळा बाण ओढला
मोकळ्या गवतातनं, जिथं कुणीच नव्हतं,
म्हणाला, चेंडू इथनं जायला पाहिजे होता.

दादा शेंगा फोडत होता.
तीस वर्षं मिशन दवाखान्यात, प्लास्टरच्या खोलीत,
त्याआधी आणि मधेमधे गोलकीपर.
म्हणाला, बाणाला काय जातंय.
बाणाला घोटा नसतोय.

आणि भूक म्हणे!
शहाण्णव साली बेळगावच्या टीमपुढं
सकाळपासनं दोन बनपावांवर उभा होतो मी,
भूक होती म्हणून तर तीन गोल खाल्ले.

इस्माईल सतारमेकर हसला नाही.
दिवसभर तो घोडीवर कानस घासतो,
तार छेडून कान लावतो, परत घासतो.
त्यानं रिमोट घेतला, आवाज एक घर वाढवला, ऐकलं,
परत उतरवला.
जवारी नाही लागलेली, म्हणाला.
दणका आहे नुसता. सूर उभाच राहत नाही.

मग एकोणऐंशीव्या मिनिटाला
साधा चेंडू, लोटल्यासारखा आलेला,
गोलकीपर पोराच्या हातातनं सुटला,
मांड्यांमधनं, सावकाश, रेषेपलीकडं.
पोरगं पालथं पडून राहिलं.

सामना संपला, ती तिघं परत.
तेच दृश्य सहा वेळा, सात वेळा,
पोराच्या तोंडाभोवती लाल गोल.
पहिला म्हणाला, अक्षम्य.
दुसरा म्हणाला, शाळकरी चूक.
अँकरनं तिसऱ्याकडं बघितलं, त्या बाणवाल्याकडं.

त्यानं तोंड उघडलं.
मिटलं.
उजव्या हातानं डावं मनगट चोळत राहिला.
टीव्हीवर माणूस एवढा वेळ गप्प बसलेला
मी कधी पाहिला नव्हता.
चारेक सेकंद असतील.
अँकर घाबरून जाहिरातीत गेली.

दादाच्या हातातली शेंग तशीच.
हा उभा राहिलाय रे तिथं, म्हणाला.
नाव काय ह्याचं?

आम्ही एकमेकांकडं बघितलं.
नाव होतं खाली पट्टीत, रात्रभर होतं,
पण त्यावरनं बनियनची जाहिरात सरकत होती.

येईल परत, म्हणून थांबलो.
सिमेंट झालं, पाण्याची टाकी झाली,
परत बनियन,
आणि मग थेट
कुठलंतरी जुनं क्रिकेट लागलं.