चॅपलच्या छपरावर

आमच्या गल्लीचं ऊन
चॅपलच्या छपरावर राहतं.
माझ्या वाट्याला त्यातला दीडएक पत्रा.
पन्नास पौंडांचा कागद आहे,
सातबारा म्हणा हवं तर,
फ्रीजला चुंबकानं चिकटवलेला.

ऊन वेल्समधलं. येतं कधीमधी,
आणि येतं तेव्हा
समोरचा इड्रिस काठीनं दार ठोकतो,
"मशीन लाव, आत्ता लाव!"
मग सगळ्या गल्लीतून एकदम
कपडे घुसळल्याचा आवाज.

मागच्या वर्षी नफा वाटला.
मला एक पौंड ब्याऐंशी पेन्स.
इड्रिसला दोनदा मिळाला.
दुसरा हिस्सा कुणाचा, मी विचारलं.

वडिलांचा, म्हणाला.
हिवाळाभर अंधारात खाणीत उतरायचे,
अंधारातच वर यायचे.
ऊन फक्त रविवारी,
तेही याच चॅपलच्या खिडकीतून,
प्रवचन संपेपर्यंत.
जाऊन एकेचाळीस वर्षं झाली.
फॉर्मवर वारलेल्याचं नाव चालत नाही;
कमिटीतल्या नेरिसबाईंनी
तो रकाना वाचलाच नाही.

आज ढग आहेत.
तरी मीटरवरचा आकडा हलतोय,
मुंगीच्या पावलानं.
मी डाळ शिजायला टाकली.