राजीनाम्याची पाठ

नैवाशाच्या गुलाबांच्या शेडमध्ये
चेबेटच्या एप्रनच्या खिशात
तीन आठवडे पडून होता राजीनामा.
काटे हातमोज्यातूनही लागतात,
आणि लेकराचा ताप
पाळी बघून चढत नाही.

नेकेसाने काही विचारलं नाही.
पहाटेची पाळी तेवढी बदलली,
आणि गुरुवारी जेवणानंतर
शीतगृहाचं यंत्र उघडून म्हणाली,
"घाल हात. बिघडलं तर माझ्या नावावर."

लिहून घ्यायला कागद नव्हता.
चेबेटने खिशातला काढला,
उलटा केला.

दोन अंश. पंखा आधी, झडप मागून.
लाल दिवा लागला तर घाबरायचं नाही.

पगार अजून तेवढाच आहे.
कागद यंत्राच्या दारावर चिकटवलाय,
सही असलेली बाजू
पत्र्याकडे तोंड करून.