अकरा सेंटीमीटर

नकाशावर ती वाट अकरा सेंटीमीटर होती.
तलावाच्या पाळीपासून पडक्या किल्ल्याच्या दारापर्यंत
तुटक तुटक, काळ्या शाईत,
मीच काढलेली, सिव्हिल लाइन्समधल्या खोलीत,
डाव्या हाताला कूलर, उजव्या हाताला
शिपायानं ठेवलेला, निवून गेलेला चहा.
एकतीस वर्षं मी तालुके गिरवले
आणि एकाचीही धूळ पायाला लागली नाही.

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या मार्चमध्ये
मोरभवनवरून पहाटेची एसटी धरली.
मनसर गेलं. कंडक्टर म्हणाला,
'त्या फाट्यावर काहीच नाही, बाई.'
असू दे, म्हटलं.

फाट्यावर इमला उईके होती, टोपली घेऊन,
मोहफुलं वेचायला निघालेली.
'किल्ल्यात काय ठेवलंय? गोटेच तं आहेत.'
तरी ती पुढं झाली.

पाळीवरून चाललो.
नकाशात तलाव निळा असतो, सगळीकडे सारखा.
इथं तो काठाशी चहासारखा, मध्ये शिसवी,
आणि ढिवरांचा डोंगा टेकला होता तिथं
रंगच नव्हता, नुसतं आभाळ.
एक टिबुकली बुडाली. आम्ही दोघी थांबलो.
ती वर आली फार लांब, भलतीकडेच.

मग सागाचं रान.
वाळली पानं पायाखाली, ट्रेसिंग पेपरची गुंडाळी
उलगडताना होतो तोच आवाज.
दोनदा मी मागं वळून पाहिलं,
साहेब येतायत असं वाटून.
इमला मध्येच वाकायची, एखादं फूल
माझ्या तळहातावर ठेवायची:
'खाऊन पाहा. नुसतंच गोड नाही लागत.'

सातव्या सेंटीमीटरपाशी मी हळू झाले.
इथं वाट डावीकडे वळते, नकाशात.
वळायला नको होती.
ब्याण्णव सालच्या ऑगस्टमध्ये रेघ इथवर आली
तेव्हा टेबलावरचा फोन वाजला, धंतोलीच्या दवाखान्यातून,
आणि हात सरकला.
बाबांचं तेरावं करून मी कामावर आले
तोवर पान छपाईला गेलं होतं, वळणासकट.
मोजणीदाराच्या वहीत वाट सरळ होती.
मी कुणाला बोलले नाही.
अर्धा सेंटीमीटर खोटं, सरकारी शिक्क्यासह.

आणि वाट वळली.
डावीकडे. बरोब्बर तेवढीच.

'सरळ का नाही जात इथून?'
'अस्वल,' इमला म्हणाली. 'तिथं थोरलं वारूळ होतं.
माह्या सासऱ्याच्या वेळेस एकाले फाडलं.
तवापासून सारे असेच जातेत.'
'कधीची गोष्ट?'
'कोणाले मालूम. मी लग्न होऊन आली
तं वळणच होतं, बाई.'

किल्ला म्हणजे दीड भिंत.
बुरुजाच्या पोटातून पिंपळ निघालेला,
कमानीला आग्या मोहोळ; आम्ही तिथं कुजबुजूनच बोललो.
आमच्या गोंडराजाचा, इमला म्हणते.
फॉरेस्टवाले म्हणतात, भोसल्यांचा.
मी लिहिलं होतं, 'जुना किल्ला, पडका',
दोन मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत,
आणि 'डका'ला जागा कमी पडली होती, ते आठवलं.
चौथऱ्यावर बसून भाकरी वाटून घेतली.
इमलानं भिंतीचा एक दगड उचलून पाहिला,
चुलीला बरा होता,
पण लांब न्यायचा, म्हणून परत ठेवला.

वरून तलाव दिसला.
माझ्या तलावाशी त्याचं काहीच जुळत नव्हतं.

परतताना ती पुढं, टोपली भरलेली,
फुलांवर माश्या.
वळणाशी मी उभी राहिले आणि सरळ पाहिलं,
जिथून वाट जायला हवी होती.
भराटी. उन्हाचा एक पट्टा.
एक उंचवटा, वारूळ असेल, नसेलही.
पाऊल उचललं होतं मी.

'ओ बाई, तिकडं नोका जाऊ,
एसटी चुकन.'