काट्याचं शून्य

भंवरकुआँ, दुसरा मजला, खाली पोह्यांचा ठेला.
ऊर्मिला शेवगावकर समोर बसली,
प्लास्टिकची फाईल, बोटांना हिंगाचा वास.

मी कॅलक्युलेटर ओढला.
दहावी ब्याण्णव. बारावी अठ्ठ्याहत्तर.
पर्सेंटाइल सत्त्याण्णव पूर्णांक चार.
‘आणि ही दोन वर्षं?’
‘बाबांना पक्षाघात झाला. सियागंजचं दुकान मीच बघते.’
मी लिहिलं : गॅप.

जिरं, उधारीच्या वह्या,
खंडव्याच्या व्यापाऱ्याशी फोनवर घासाघीस,
याला फॉर्ममध्ये रकाना नाही.
‘राऊच्या टेकडीवरून बोलावणं येण्याची शक्यता
शंभरात बारा,’ मी म्हणालो.
(नऊच होती. तीन मी पदरचे घातले.)

ती हसली नाही, रडलीही नाही.
म्हणाली, ‘सर, आमच्याकडे माल ठेवायच्या आधी
काट्याचं शून्य बघतात.’

पाचशेतून उरलेले पैसे मी परत दिले.
तिने मोजले,
वीस जास्तीचे आले होते, ते टेबलावर ठेवले
आणि जिना उतरली.

भिंतीवर निवड झालेल्यांचे हसरे फोटो.
माझा त्यात नाही;
त्या टेकडीनं मला तीनदा परत पाठवलं,
हे मी कुणाला सांगत नाही.

ती वीसची नोट अजून ड्रॉवरमध्येच आहे.
उघडला की हिंग.