लगद्याचं डोकं

आमियाँच्या नाटकमंडळीत ओदिलाँ मुखवटे करायचा.
आता खंदकामागच्या कोठारात डोकी करतो:
जुनी वर्तमानपत्रं, पिठाची खळ,
मिशीला घोड्याचे केस.
पाव मोजून मिळतो नि इथे पीठ डोक्यांत जातं,
म्हणून स्वयंपाकी त्याच्याशी बोलत नाही.

उजाडता डोकं काठीवर चढतं,
ओठांत सिगारेट.
खाली उकिडवा लेओन्स रबरी नळीनं झुरके ओढतो.
धूर वर,
खोकला खाली.

टप्प.

कपाळातून शिरली, मागून निघाली.
कुणी हलत नाही.
भोकांच्या मागे हळूच पेरिस्कोप सरकतो,
गोळी आली त्याच वाटेनं नजर उलट चालत जाते:
बीटाचं शेत. कुंपणाची तार.
फुगलेला मेला घोडा, आणि त्याच्या पोटाशी
काचेएवढं काही लकाकतं.

लेओन्स अंतर सांगतो.
आमचा नेमबाज श्वास अर्ध्यात धरतो.

रात्री डोकं दुरुस्तीला येतं,
एक कान उंदरांनी खाल्लेला.
ओदिलाँ हाताला येईल तो कागद भिजवतो,
काळ्या चौकटीतलं कुणाचं नाव आतल्या बाजूला दाबून
अंगठ्यानं कपाळ सारखं करतो.

"मिशी तीच ठेवू?" तो विचारतो.
"समोर आता नवा असेल."