सव्वातीन सोळा

मागच्या टायरची भेग आसूदच्या उतारावर दिसली.
पडली असेल आधीच,
मी वाकून बघितलं त्या दिवशी,
लसींचा बर्फाचा डबा कॅरिअरवरून सोडवताना.
नख लावलं तर आत गेलं.

गाडी येझदी. माझ्याहून सहा वर्षांनी लहान.
भूमापन खात्यातल्या एका माणसाकडून साडेचार हजाराला घेतली,
तेव्हा तो म्हणाला होता,
किक उलटी मारते मॅडम, पायाला जपा.
पायाला जपलं.
टायरचं कोणी सांगितलं नव्हतं.

दापोलीत याकूब परकारच्या दुकानात
टायर छतापर्यंत रचलेले.
"माप?"
"सव्वातीन सोळा."
त्याने चष्मा कपाळावर सरकवला.
"कोणासाठी?"
"माझ्यासाठी."
"तसं नाय बाय. कुठल्या गाडीसाठी?"

मग सतराचे दाखवले, अठराचे दाखवले,
बुलेटचा एकोणीस भिंतीला टेकून उभा होता
मुलगी बघायला आल्यासारखा.
एका इंचाने काय होतंय, असं बाकड्यावरचा कोणी म्हणाला.
काहीच होत नाही.
टायर रिमवर बसत नाही, एवढंच.

खेडला गेले. चिपळूणला गेले.
तिथे पाण्याची रेघ अजून भिंतीवर, माझ्या डोक्याच्या वर वीतभर.
तुमच्या मापाचे दोन होते, दुकानदार म्हणाला,
पुरात गेले.
चिपळुणात जे जे मिळत नाही
ते ते पुरात गेलेलं असतं.

मंडणगडात एक सापडला.
कागदाच्या पट्ट्यांत गुंडाळलेला, कधीच न लावलेला.
कडेला चार आकडे, अठरा अकरा:
अकरा सालचा अठरावा आठवडा,
म्हणजे मे महिना, आंब्याचे दिवस.
नख लावलं. नख सरकून गेलं, लाकडावरून जावं तसं.
"एकदासुद्धा वापरलेला नाही हो!"
तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला, जणू तेच प्रमाणपत्र.
न चालता म्हातारं होणं मी पाहिलंय,
गोठ्यात पाहिलंय, आणि
असो.
पट्ट्या परत गुंडाळून दिल्या, होत्या तशा.

मग हर्णैला, चोगल्यांच्या शेळ्यांना लस टोचून झाल्यावर
हात धुवायला धक्क्यावर गेले
तर होडीच्या कुशीला टायरांची माळ,
आणि तिसऱ्यावर, शेवाळ अंगठ्याने पुसलं तर,
सव्वातीन सोळा.
पाठीवर कालवं धरलेली. आतल्या पोकळीत एक खेकडा,
घरमालकाच्या तोऱ्यात.
हरेश चोगले म्हणाला, न्या की,
फक्त भरतीला होडी आपटली तर तुमच्या नावाने ओरडेन.
राहू दे म्हटलं.

आला तो शेवटी कोल्हापूरहून, एसटीच्या पार्सलने.
याकूबने कोणाला तरी फोन केला होता,
मला न सांगता, तीन महिने अधूनमधून.
गाडी रिकामी होती, कंडक्टर म्हणाला,
म्हणून त्याला खिडकीपाशी बसवला.
एकच मिळाला. मागचा.
पुढचा अजून एक पावसाळा काढेल असं याकूबचं म्हणणं.
माझं तसं नाही. बघू.

नव्या टायरला केस असतात, रबराचे, बारीक,
नुकत्या व्यालेल्या म्हशीच्या रेडकाला असतात तसे विस्कटलेले.
याकूब म्हणाला, शंभर किलोमीटर वळणावर कलायचं नाय,
कोरं रबर घसरतं.
म्हणून आसूदचा तोच उतार,
जो मी सतरा वर्षं झोपेतही उतरले असते,
दुसऱ्या गिअरवर, पाय अर्धे खाली सोडून उतरले.
मागून आलेल्या रिक्षावाल्याने हॉर्न दिला,
बाई शिकतायत वाटतं.

जुना टायर चोगल्याला दिला. त्याच्या माळेत जागा होतीच.
परतताना मुरुडच्या फाट्यावर थांबून पाहिलं:
मधले केस झिजून गेलेले, जांभ्याची लाल धूळ बसलेली.
कडेचे अजून आहेत.
हात फिरवला की कळतात.