भडक रंग टाळावेत

वैजनाथनं मोबाईलवर यादी धाडली.
भाचा आपला, टिपेश्वरला जिप्सी चालवतो.
भडक रंग टाळावेत. अत्तर लावू नये.
मोठ्यानं बोलू नये. गाडीतून उतरू नये.
गरम कपडे, पाणी, ओळखपत्र.

वाचून दाखवलं तर धुरपता हसायली
चुलीपुढं बसल्या बसल्या, पदर तोंडाला लावून :
"म्हंजे तुम्ही सोडून कुणीबी चालतंय."

खरंच की.
माझ्या पेटीत एक लाल कोट, खांद्यावर जरीचे गोंडे,
दुसरा लाल कोट, कोपरावर ठिगळ,
पांढऱ्या पॅन्टीला दोन्ही बाजूंनी लाल पट्टी.
एक सदरा तेवढा हिरवा. मेव्हण्यानं आहेर केलेला,
पोपटानं लाजून मान वळवावी इतका.
आणि या वसमतच्या मोंढ्यात
हळदीच्या ढिगापासून दोन हात लांबून गेलं
तरी बाहीला पिवळं लागतंच.

पौष आहे म्हणून जमलं.
पौषात कोण लग्न लावतंय,
बँडवाल्याचा भाकड महिना.

मुनीरमामू एसटीतून रिटायर होऊन सहा वर्षं झाली,
खाकी अजून खुंटीला.
"लेके जा, पन वापस ला.
इस्में तीस साल का डीझल है,
शेर बी पैचान लेगा."
खांद्यात बसली. पोटावर शेवटची गुंडी लागत नाही.
तिथं सेफ्टीपिन.

आमच्या मोठ्या ढोलावर वाघ आहे.
पेंटर शिवलिंगनं काढलेला. त्यानं कधी वाघ पाहिला नव्हता,
म्हणून डोळे आमच्या मालकाचे
आणि मिशा तेव्हाच्या फौजदाराच्या.
पट्टे मात्र मोजून दिले, पैशाच्या मानानं.
बावीस वर्षं त्याच्या तोंडावर
हणमंता टिपरू हाणतोय
आणि मी शेजारी उभा, गाल फुगवून.
वाटलं, खरा कसा असतो एकदा बघून यावं.
धुरपताला एवढंच सांगितलं.
पुढचं सांगण्यासारखं नव्हतं.

मोठ्यानं बोलू नये.
बोलतोय कोण?
वरातीत आमचं कुणी ऐकत नाही,
नाचणारे एकमेकांकडं बघून नाचतात.
वाजवायचं थांबलं
की मात्र सगळ्यांची तोंडं आमच्याकडं.
वैजनाथ म्हणतो, तिथं पण तसंच असतंय मामा,
आधी वानर ओरडतं, मग सांबर,
मग सगळंच थांबतं.
तेव्हा हलायचं नाही.

धपाटे बारा. शेंगाची चटणी.
प्लास्टिक चालत नाही म्हणून
धुरपतानं बांधले ते फडकं
फाटक्या कोटाचं अस्तर निघालं. लाल.
"आत राहतंय की. त्याला काय दिसतंय."
दंडाला लावायचं अत्तर मात्र तिनंच
फळीवर उंच ठेवून दिलं.

कानटोपी. आधारकार्ड. बीपीची गोळी.
क्लॅरोनेट पेटीत, पेटी पलंगाखाली.
पत्ती तेवढी काढून घेतली,
कोरडी पडली की चिरते,
तिला रोज थोडी थुंकी लागते.
ती खाकीच्या वरच्या खिशात,
जिथं मामूचा बिल्ला असायचा
त्या दोन भोकांच्या मागं.
यादीत पत्तीबद्दल काही लिहिलेलं नाही.

पहाटे पाचला नांदेडची गाडी.
तिथून किनवटकडनं पुढं, विचारत विचारत.
दिव्याखाली आरशात बघितलं :
कुणीतरी ड्युटीवर निघालेला माणूस.
फक्त कपाळावर आडवा वळ,
बँडच्या टोपीचा, बावीस वर्षांचा,
थंडीत जास्तच लाल.
धुरपतानं खोबरेल लावलं, अंगठ्यानं चोळ चोळ चोळलं.
"जाईना," म्हणली.
"कानटोपी खाली ओढा."